तुझ्या हाताला, तुझ्या गळ्याला

ठाणे, १७ ऑगस्ट

चि. चिऊस,


तुझं पत्र आणि तीन गिटारींचे फोटो मिळाले. पगारातून साठवलेले पंचवीस हजार, त्यातून स्वतःची अशी पहिली गिटार, आणि खाली प्रश्न: ‘मामा, या तिघींतली चांगली कुठली?’ चिऊ, तिन्ही चांगल्या आहेत. या किमतीत नीट वाजणारी गिटार मिळणं आता अवघड राहिलेलं नाही. तुझ्या हाताला आणि गळ्याला मानवणारी सापडणं मात्र अजूनही अवघड आहे, आणि ते काम तुझ्या वतीने दुसऱ्या कुणाला करता येत नाही. मलाही नाही. शोधायचं कसं, तेवढं मी सांगू शकतो. पत्र लांबेल, सवडीने वाच.

दिवाळीत ताईकडे तू वाजवलंस ते मी लक्ष देऊन ऐकलं होतं. तू पिक वापरत नाहीस, बोटांनी वाजवतेस. हात हलका आहे. गातेस खालच्या आवाजात, सूर काळी तीनचा. म्हणून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून ‘ई’ची कॉर्ड धरतेस. पंजा लहान आहे, त्यामुळे ‘एफ’ धरताना मनगट वळतं आणि चेहऱ्यावर आठी येते. या चार गोष्टी कागदावर लिहून दुकानात घेऊन जा. खरंच लिही. दुकानात भिंतभर टांगलेल्या गिटारी पाहिल्या की आपण काय वाजवतो हे माणूस विसरतो आणि काय वाजवता आलं असतं तर बरं झालं असतं, त्यासाठी पैसे देऊन येतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी गिटारींचं खरं दुखणं तेवढंच असतं. त्या उत्तम असतात, पण मालकाच्या नसतात.

आता पहिला फोटो. ऑफिसातल्या दोघांनी ‘डोळे मिटून हीच घे’ म्हणून सांगितलेली ती ड्रेडनॉट. रुंद खांद्यांचा, जवळजवळ चौकोनी वाटणारा हा आकार अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये ऑलिव्हर डिटसन या संगीतविक्रेत्या कंपनीसाठी बनवला. ब्रिटिश आरमाराच्या त्याच नावाच्या युद्धनौकेवरून त्याला नाव पडलं. मार्टिनने तो स्वतःच्या नावाने विकायला १९३१ मध्ये सुरुवात केली. पुढे बँजो आणि फिडलच्या गलक्यातही ऐकू येणारी गिटार म्हणून ब्लूग्रासवाल्यांनी ती उचलली आणि आज गिटार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीच येते. पिक घेऊन जोरात स्ट्रमिंग करणाऱ्या, मोकळ्या मोठ्या आवाजात गाणाऱ्या माणसाला तिच्यासारखी साथ दुसरी कुणी देत नाही. तुझे ते दोन मित्र तसेच वाजवत असणार. त्यांचा सल्ला त्यांच्यापुरता अगदी खरा आहे.

पण दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा कितीही महागाचा असला तरी आपल्याला त्यातून धूसरच दिसतं. ड्रेडनॉटचं पोट साधारण ३९.७ सेंटिमीटर रुंद आणि १२.४ सेंटिमीटर खोल असतं. तिच्या शेजारी ओएम, म्हणजे ऑर्केस्ट्रा मॉडेल ठेव. ते ३८ सेंटिमीटर रुंद आणि साडेदहा सेंटिमीटर खोल. फरक पावणेदोन-दोन सेंटिमीटरचा. कागदावर काहीच नाही, पण मांडीवर घेतलीस की कळेल. मोठीवर हात टाकताना तुझा उजवा खांदा वर उचलला जाईल, आणि अर्ध्या तासाने तो भरून येईल. आवाजाचंही तसंच. मोठ्या पोटात खर्जाच्या तारा जास्त घुमतात. तो घुमारा तुझ्या खालच्या स्वरांच्या आसपासच रेंगाळतो आणि तुझे शब्द त्याच्याखाली दबतात. लहान अंगाच्या गिटारीत खर्ज आटोपशीर राहतो, मधल्या आणि वरच्या तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. बोटांनी वाजवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

एरिक क्लॅप्टनने १९९२ मध्ये एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमात १९३९ सालची मार्टिन ०००-४२ वाजवली. ती लहान अंगाची. त्याच कार्यक्रमात ‘टिअर्स इन हेवन’ गाताना मात्र त्याने नायलॉनच्या तारांची गिटार घेतली. तोच माणूस, तोच कार्यक्रम, पण गाण्यानुसार वाद्य वेगळं. तुझ्या मित्रांना हे ऐकव.

तिसऱ्या फोटोतली तुझी गिटारही नायलॉनचीच आहे. तिच्याविषयी तू फक्त ‘स्वस्त आहे’ एवढंच लिहिलंस. तिला इतक्यात बाजूला सारू नकोस. पोलादी तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. नायलॉनचा त्याच्या जेमतेम निम्मा किंवा थोडा अधिक. म्हणून बोटांची टोकं सोलवटत नाहीत, आवाज गोल येतो आणि हलक्या हाताला लगेच उत्तर मिळतं. अडचण तिच्या नेकची आहे. नटपाशी, म्हणजे तारा जिथून नेकवर येतात त्या खाचांच्या पट्टीपाशी, ती ५२ मिलिमीटर रुंद असते, पोलादी तारांच्या गिटारी बहुधा ४३ ते ४५. तुझ्या लहान पंजाला हे सात ते नऊ मिलिमीटर जाणवतील. पण ज्यांची बोटं तारांच्या दाटीत एकमेकांत अडकतात त्यांना हीच रुंदी हवीहवीशी वाटते. तेव्हा धरून पाहिल्याशिवाय नाही म्हणू नकोस. आणि घेतलीच, तर तिला पोलादी तारा कधीही लावू नकोस. तो ताण सोसायला ती बांधलेली नसते. ब्रिज उखडतो, टॉप फुगतो.

नेकचा विषय निघालाच आहे तर स्केलही पाहून घे. नटपासून ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत तारेची जी मोकळी लांबी, ती म्हणजे स्केल. बऱ्याच पूर्ण आकाराच्या गिटारींत ती ६४५ ते ६५० मिलिमीटर असते, काहींत ६३२-६३४. लांबी कमी असली की त्याच तारा त्याच सुराला कमी ताणाव्या लागतात आणि फ्रेटही किंचित जवळ येतात. ‘एफ’ धरताना तुझी करंगळी जो ताण घेते तो थोडा सैल होईल. या एका आकड्याकडे दुकानदार सहसा लक्ष वेधत नाहीत. तू विचार.

लाकडाबद्दल तू एक पानभर लिहिलं आहेस. रोझवूड की महॉगनी, स्प्रूस की सीडर. हे सगळं कुठून वाचलंस ते मला कळतं, कारण तसंच्या तसं वाचून आलेली मुलं माझ्याकडे येतात. म्हणून इथे जरा थांबतो.

गिटारीत सर्वांत जास्त बोलतो तो टॉप, म्हणजे तारांखालची, भोक असलेली पातळ फळी. स्पेनमधल्या अल्मेरियाचा अंतोनिओ दे तोरेस हा कारागीर आजच्या क्लासिकल गिटारीचा जनक मानला जातो. १८६२ मध्ये त्याने एक गिटार बांधली, जिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या होत्या. टॉप मात्र उत्तम स्प्रूसचा. आवाज टॉपमधून येतो, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. दीडशे वर्षांनी इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी तीच गोष्ट वेगळ्या वाटेने तपासली. एका कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या, सगळ्या एकसारख्या, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगवेगळं. त्यात दुर्मिळ ब्राझिलियन रोझवूड होतं, तसं स्वस्त सापेलेही होतं. ५२ वादकांना अंधुक खोलीत, डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल चढवून त्या वाजवायला दिल्या. लाकूड दिसेनासं झालं तेव्हा सगळ्या गिटारींना जवळपास सारखेच गुण मिळाले. हा निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

तू ज्याचं इतकं कौतुक केलं आहेस ते इंडियन रोझवूड म्हणजे आपलंच शिसव, सह्याद्रीच्या जंगलात वाढणारं. ताईच्या सासरच्या वाड्यातला काळपट झोपाळा आठवतो ना, तेच लाकूड. ब्राझीलचं रोझवूड मिळेनासं झालं तेव्हा मार्टिनने १९६९ पासून हे वापरायला घेतलं आणि मग ते जगभर गेलं. मला ते फार आवडतं, हातात घेतलं की थंड आणि जड लागतं. पण तुझ्या पंचवीस हजारांत मिळणाऱ्या गिटारींना पाठीला बहुधा शिसवाचा एक पातळ पापुद्रा असतो आणि आत दुसरंच लाकूड. त्यासाठी जास्तीचे चार-पाच हजार देऊ नकोस.

टॉपसाठी मात्र दे. टॉप अखंड लाकडाचा आहे की प्लायचा, हे आधी पाहा. भोकाच्या कडेला बोट लावून, मोबाइलच्या उजेडात नीट पाहिलंस तर कळतं. वर दिसणाऱ्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर टॉप अखंड. कडेला थर दिसले तर प्लाय. अखंड टॉप वाजत वाजत वर्षागणिक मोकळा होत जातो असा आम्हा दुरुस्ती करणाऱ्यांचा अनुभव आहे, आणि हलक्या हाताला तो जास्त बोलतो. स्प्रूस स्वच्छ, खणखणीत; जोर वाढवला तरी तुटत नाही. सीडर मऊ आणि उबदार; हळू वाजवलं की लगेच उमलतो, पण जोरात मारलंस तर आवाज गढूळ होतो. तू जोरात मारत नाहीस, म्हणून सीडर मिळाला तर तो नक्की वाजवून पाहा.

दुसऱ्या फोटोबद्दल थोडक्यात. कटअवे, म्हणजे नेकजवळ कापलेला खांदा, आत पिकअप, कडेला काळपट होत जाणारा नारिंगी रंग. दिसायला ती तिघींत सर्वांत देखणी आहे हे खरं. पण चौदाव्या फ्रेटच्या पलीकडे तू जात नाहीस, त्यामुळे कटअवेचा उपयोग नाही. स्टेजवर वाजवायचा विचार पत्रात कुठेही नाही, त्यामुळे पिकअपचाही नाही. पुढे गरज पडली तर चांगला पिकअप नंतर बसवता येतो. याच पैशांत पिकअप-प्रीअँप घातला की कंपनीला कुठेतरी काटकसर करावीच लागते आणि ती बहुधा लाकडात होते. देखणेपणाला मी कमी लेखत नाही. जी गिटार पाहावीशी वाटते ती हातात जास्त वेळा येते. पण कान आणि हात दोन गिटारींना सारखेच राजी झाले तरच डोळ्यांना विचार.

आता दुकान. पुण्यात लक्ष्मी रोडच्या आसपास पाहा, आणि मुंबईला आलीस तर धोबी तलावला १८६५ मध्ये सुरू झालेल्या फुर्टाडोजमध्ये जाऊन ये. शनिवार-रविवार टाळ. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुकान उघडल्या उघडल्या जा. तेव्हाच शांतता मिळते. कॅपो स्वतःचा ने. आधी पाच मिनिटं काहीच न वाजवता नुसती मांडीवर घेऊन बस. खांदा वर जातो का, मनगट वळतं का, ते पाहा. मग तेच गाणं वाजव जे तू रात्री उशिरा खोलीत वाजवतेस, तुझ्याच कॅपोवर, तुझ्याच आवाजात गात. दुकानातल्या मुलांवर छाप पडावी म्हणून शिकलेला तुकडा वाजवू नकोस. त्याने गिटारीबद्दल काहीच कळत नाही.

मग एकच तार हळूच छेड आणि स्वर विरेपर्यंत ऐक. काही गिटारी जोरात मारल्याशिवाय जाग्या होत नाहीत. त्या तुझ्या नाहीत. स्पर्शाला उत्तर देणारी हवी. आणखी एक. गिटारीचा आवाज समोर जातो, वाजवणाऱ्याला तो बाजूने ऐकू येतो. भिंतीकडे तोंड करून, हातभर अंतरावर बसून वाजव. भिंतीवरून परत येणारा आवाज म्हणजे समोरच्याला ऐकू येणारी गिटार. इंटरनेटवरच्या व्हिडिओंवरून तू बऱ्याच गिटारींना नापास केलं आहेस असं दिसतं. तो आवाज माइकचा, खोलीचा, नंतर केलेल्या मिक्सिंगचा आणि तुझ्या मोबाइलच्या स्पीकरचा असतो. त्यावरून आकार पाहा, किंमत पाहा, निकाल देऊ नकोस.

सोबत एका मैत्रिणीला ने, वाजवता येणारी असेल तर उत्तम. तू पाठ करून बस. तिने तीन-चार गिटारी आलटूनपालटून वाजवाव्यात, नाव न सांगता, एकच गाणं. आवडली त्या वेळी हात वर कर. किमतीचा टॅग आणि कंपनीचं नाव डोळ्यांआड गेलं की कान किती स्पष्ट बोलतात, ते तुला त्या दिवशी कळेल. आकाराचा फरक ऐकायचा असेल तर यामाहाची एफजी ८०० आणि एफएस ८०० शेजारी शेजारी वाजवून घे. दोन्हींचा टॉप अखंड स्प्रूसचा, घराणं एकच, फक्त एफएस लहान अंगाची आणि ६३४ मिलिमीटर स्केलची. याच घे असं मी म्हणत नाही, पण आकार काय करतो हे इतक्या सोप्या रीतीने दुसरीकडे ऐकायला मिळणार नाही. आणि एखादीच्या तारा गंजलेल्या, मेलेल्या असतील तर तिच्यावर अन्याय करू नकोस. नव्या तारा लावून दाखवा म्हणावं. चांगला दुकानदार लावतो.

हे झालं आवडीचं. तब्येतीचं वेगळं तपास. बाराव्या फ्रेटवर तार नुसती टेकवून हार्मोनिक काढ, मग तीच तार तिथेच दाबून वाजव. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून पाहा. सतारीला जवारी हवी, गिटारीला नको; कुठे झणझण आली तर कारण विचार. नेकच्या कडेवरून तळहात फिरव, फ्रेटची टोकं टोचायला नकोत. ब्रिजच्या मागे कागद सरकवून पाहा. आत शिरला तर ब्रिज उचलला गेला आहे, ती गिटार खाली ठेव. सेकंडहँड घेणार असशील तर हे सगळं दोनदा कर. जुनी, नीट वाजलेली गिटार नव्यापेक्षा स्वस्तात चांगली मिळू शकते, तिला घाबरू नकोस.

यात सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सेटअप, आणि ती मी तुला पुन्हा पुन्हा सांगेन. दुकानात टांगलेल्या गिटारींच्या तारा बऱ्याचदा फार उंच असतात. बाराव्या फ्रेटवर जाड ‘ई’ फ्रेटपासून अडीच मिलिमीटरच्या आत आणि पातळ ‘ई’ दोनच्या आत असेल तर तुझ्या हाताला सोपं जाईल. उंची याहून जास्त असली तर बोटं दुखतात, ‘एफ’ वाजत नाही, आणि मुलगी समजते की आपल्यालाच जमत नाही. किती मुलींनी आणि मुलग्यांनी केवळ याच कारणाने गिटार माळ्यावर टाकली असेल, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सॅडल घासून, नटच्या खाचा ठीक करून, ट्रस रॉडने नेकचा बाक जुळवून हे तासाभरात सुधारतं. म्हणून पंचवीस हजार सगळे गिटारीवर घालू नकोस. दीड-दोन हजार सेटअपसाठी राखून ठेव, थोडे टणक केससाठी. तारा दहा किंवा अकरा गेजच्या, म्हणजे पातळ, लाव. कारखान्यातून बाराच्या येतात, त्या तुझ्या हाताला जड आहेत.

केस म्हटलं ते पुण्याच्या हवेमुळे. अखंड लाकूड पाणी पितं आणि सोडतं. एप्रिल-मेच्या दुपारी तुमच्याकडे हवा इतकी कोरडी होते की टॉप आक्रसतो, कधी चिरतो. जुलैत तोच फुगतो आणि तारा वर जातात. पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता गिटारीला मानवते. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेव. उन्हाळ्यात साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला, घट्ट पिळलेला स्पंज. पावसाळ्यात त्याऐवजी सिलिका जेल. बंद गाडीत उन्हात कधीही ठेवू नकोस, दहा मिनिटंसुद्धा.

मला विचारशील तर माझं मत लहान अंगाच्या, अखंड टॉपच्या, कमी स्केलच्या, पिकअप नसलेल्या पोलादी तारांच्या गिटारीला आहे. ती तू पाठवलेल्या तीन फोटोंत नाही. पण तू पाठ करून बसलेली असताना हात ड्रेडनॉटलाच वर गेला, किंवा नायलॉनच्या रुंद नेकवर तुझी बोटं खुलली, तर माझं मत विसर आणि तीच घे. मी तुझं गाणं बाहेरून ऐकलं आहे. आतून ते तूच ऐकतेस.

एका दिवसात ठरवलंच पाहिजे असंही नाही. रिकाम्या हाताने परत आलीस तरी चालेल. आठवड्याने पुन्हा जा आणि मनात राहिलेली तेवढीच पुन्हा वाजव. फक्त दुकानातून मला फोन करून ‘घेऊ का’ म्हणून विचारू नकोस. तिथे तूच ठरव. घरी आणलीस की पहिल्या रविवारी ठाण्याला घेऊन ये, सेटअप मी स्वतः करून देईन.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा